एसएमएसवरचा ओटीपी की ऑथेंटिकेटर? रेंज नसलेल्या गावातून

जीमेल, इन्स्टाग्राम, फेसबुकला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक आकडा (ओटीपी) हवा, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. अडतं ते पुढे. तो आकडा एसएमएसने मागवायचा की फोनमध्येच आकडा तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधून घ्यायचा? मी दोन्ही वापरलंय. आम्ही दापोली तालुक्यातले. पर्यटकांचं बुकिंग आणि सीझनला आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी याच खात्यांवर येतात, त्यामुळे ती हातची जाणं परवडत नाही.

एसएमएसमध्ये शिकायचं काही नाही, हा त्याचा मोठा गुण. फोन बदलला तरी सिम नव्यात घातलं की झालं. सिम हरवलं तर त्याच नंबरचं दुसरं मिळतं. तुमच्या नावाने दुसरं सिम काढून ही सोय भामट्यालाही साधता येते, हे खरं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ साली एसएमएसला ‘मर्यादित’, म्हणजे धोका ओळखूनच वापरायच्या प्रकारात टाकलं, त्यामागे असेच धोके होते.

पण भीतीपोटी सवय बदललेली माणसं मी तरी गावात फारशी पाहिली नाहीत. त्रास झाला की मात्र लोक लगेच बदलतात, आणि बरेचदा भलत्याच बाजूला जातात. आमच्या वाडीत वायफाय चांगलं चालतं, मोबाइलला रेंज मात्र वर सड्यावर, डोंगरावरच्या सपाटीला. लॉगिन करायचं, फोन घेऊन घाटी चढायची, आणि मेसेज येईतो आकड्याची मुदत संपलेली. पावसात लाइट गेली की टॉवरचाही भरवसा नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागाने ते पुरेपूर भोगलंय. याला कंटाळून कुणी दुहेरी पडताळणीच बंद करून टाकतं.

कुणी खात्याला मुंबईतल्या मुलाचा नंबर लावतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आई इथून वायफायवर व्हॉट्सॲप कॉल लावते, “बाबू, आला काय रे आकडा?” तो वाचून दाखवतो, ती टाकते. ओटीपी कुणाला सांगू नका, असं बँका कानीकपाळी ओरडतात, आणि घरात फोनवर आकडा विचारणं-सांगणं हीच रीत पडते. उद्या अनोळखी माणसाने गोड आवाजात तोच आकडा विचारला, तर मायलेकांपैकी कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. मी ऑथेंटिकेटरकडे वळलो तो यासाठी.

एकदा खात्याच्या सेटिंगमधला क्यूआर कोड ॲपने स्कॅन केला की गुप्त किल्ली फोनमध्येच राहते. ती किल्ली आणि फोनमधली वेळ यांवरून साधारण दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे तयार होतात. आकड्यासाठी ना रेंज लागते, ना सिम. फोनची वेळ तेवढी ऑटोमॅटिकवर ठेवा. हे आकडेही कुणी फसवून काढून घेऊ शकतं, खोट्या वेबसाइटवर टाकले तर गेलेच. पण रोजच्या कामासाठी आकडा दुसऱ्याकडे मागावा लागत नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

अडचण आहे ती फोन गेल्यावर. तरीच्या होडीतून उतरताना तो खाडीत पडला तर? गुगल ८ आकड्यांचे १० बॅकअप कोड देतं, ते कागदावर उतरवून ठेवा. आमच्या दमट हवेत शाई फुटते, म्हणून माझा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या फायलीत आहे. गुगलच्या ॲपमध्ये २०२३ पासून किल्ल्या खात्याशी सिंक करण्याचीही, म्हणजे खात्यात साठवून नव्या फोनवर परत मिळवण्याची सोय आहे.

बँकेच्या बाबतीत निवड फारशी आपल्या हातात नसते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही वाव आहे, पण तुमची बँक काय देते ते तिथेच विचारावं लागेल.

घरी रेंज चांगली असेल आणि नवं ॲप नकोसं वाटत असेल, तर एसएमएस ठेवायलाही हरकत नाही. फक्त नंबर स्वतःचा लावा. नाहीतर गणपतीला मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्याकडून ऑथेंटिकेटर बसवून घ्या, आईच्याच फोनमध्ये. सुरुवात जीमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे मेल तिथेच येतात.