एफएफटीडब्ल्यू: पॅकेजमधली घ्यावी, की स्वतः बांधून सांभाळावी?

रत्नागिरीत भरती-ओहोटीच्या नोंदींवर काम करणारे सात कॉम्प्युटर मी सांभाळते. नव्याने आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी (नोंदींत दडलेल्या लयी वेगळ्या काढणाऱ्या फुरिए रूपांतराचा तयार कोड) डेबियन या लिनक्सच्या तयार पॅकेजमधून टाकू, की सोर्स आणून स्वतः कम्पाइल करू? हल्ली तिसराही पर्याय पुढे येतो: किसएफएफटी किंवा पॉकेटएफएफटीसारखी छोटी लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमच्या सोर्समध्येच टाकून मोकळं व्हायचं.

माझं मत आधीच सांगते. बहुतेकांनी पॅकेज घ्यावं.

आधी काम किती मोठं आहे ते पाहा. महिनाभर दर तासाला एक नोंद घेतली की 30 दिवसांच्या 720 नोंदी होतात. चंद्रामुळे येणारी मुख्य भरती 12.42 तासांची, सूर्यामुळे येणारी 12 तासांची. 720 तासांत सूर्याच्या बरोबर 60 फेऱ्या बसतात आणि चंद्राच्या 57.97, म्हणजे जवळपास 58. त्यामुळे फुरिए रूपांतराच्या उत्तरात 58व्या आणि 60व्या घरात दोन उंच सुळके दिसतात. मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्याला उधाण आणि भांग म्हणतात, तो या दोघांचाच खेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघं मिळून ओढतात, अष्टमीच्या आसपास एकमेकांच्या आड येतात. नोंदी 15 दिवसांच्याच असल्या तर तेच सुळके 29 आणि 30 या शेजारच्या घरांत येतात आणि एकमेकांत मिसळायला लागतात. एवढ्या कामाला यातली कुठलीही लायब्ररी डोळ्याचं पातं लवण्याआधी उत्तर देते. सेकंदाला अनेक नोंदी घेणाऱ्या सेन्सरचा वर्षभराचा डेटा असेल, तरच वेगाचा विचार करा.

स्वतः कम्पाइल करणं अवघड नाही, आणि फसगत होते ती तिथेच. टारबॉल, म्हणजे सोर्सची एकत्र बांधलेली फाइल, जेमतेम 4 एमबीचा आहे, चहा होईस्तोवर लायब्ररी तयार होते. पण एफएफटीडब्ल्यू ही खरं तर एक लायब्ररी नाही. डबल, सिंगल, लाँग डबल आणि क्वाड अशा प्रत्येक अचूकतेची लायब्ररी वेगळी असते. हेडर सगळ्यांना एकच, पण कॉन्फिगर आणि मेक या बांधणीच्या पायऱ्या प्रत्येकीसाठी पुन्हा करायच्या. काम प्रोसेसरच्या अनेक कोरांत वाटणारे थ्रेड हवे असतील तर ते वेगळं सांगायचं. प्रोग्रॅम चालताना लोड होणारी शेअर्ड लायब्ररीही मागितल्याशिवाय मिळत नाही, न सांगता मिळते ती फक्त स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅममध्येच मिसळून जाणारी.

मी तेच विसरले होते. फक्त डबल, तीही स्टॅटिक, बांधून सगळीकडे टाकली. दोन महिन्यांनी एका सहकाऱ्याचा प्लगइन लिंक होईना. 'एफपिक (शेअर्ड लायब्ररीत चालेल असा कोड बनवणारा पर्याय) लावून पुन्हा कम्पाइल करा' एवढंच लिंकर सांगत होता, आणि त्याला हवी असलेली सिंगल तर मी बांधलीच नव्हती. त्याआधी नव्या कॉम्प्युटरवर 'मार्च नेटिव्ह', म्हणजे त्याच प्रोसेसरसाठी खास कोड बनवणारा पर्याय, लावून बांधलेली फाइल मी जुन्या कॉम्प्युटरवर नेली, तर प्रोग्रॅम 'इल्लिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागीच बंद पडला. त्या उठाठेवीची गरजच नव्हती. एव्हीएक्सचा (नव्या प्रोसेसरमधल्या वेगवान सूचनांचा) कोड आत असला तरी तो वापरायचा की नाही, हे एफएफटीडब्ल्यू चालताना प्रोसेसर पाहून स्वतःच ठरवते.

डेबियनच्या पॅकेजमध्ये ही सगळी वाटणी आधीच झालेली असते. डबल, सिंगल, लाँग, क्वाड यांची वेगवेगळी पॅकेजं आणि डेव्हलपमेंटसाठी एक. 'पॅकेज म्हणजे जुनी आवृत्ती' ही तक्रारही इथे फारशी टिकत नाही. 3.3.10 ही आवृत्ती 2021ची, आणि डेबियन 12 मध्ये तीच आहे. एमआयटीत मातेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी उभी केलेली ही लायब्ररी सावकाश बदलते. आतले गणिताचे तुकडे, म्हणजे कोडलेट, हातानं लिहिलेले नाहीत. ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम ते तयार करतो. टारबॉलमध्ये ते आयते मिळतात, गिटवरून, म्हणजे मूळ कोडच्या साठ्यातून, घेतलं तर ओकॅमलही लागतं. म्हणून एखाद्या कोडलेटमध्ये हातानं दुरुस्ती करून ती जपत बसायचा बेत असेल, तर तो सोडून द्या.

स्वतः बांधायचीच असेल तर कारण ठोस हवं: पॅकेजमध्ये नसलेला एखादा पर्याय, किंवा वेगळ्याच प्रोसेसरचं बोर्ड. तेव्हा निदान डेबियनचंच सोर्स पॅकेज घेऊन त्यातून नवं पॅकेज बनवा. यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये, पॅकेजशिवाय सुटी टाकलेली लायब्ररी कुणी, कधी, कुठल्या पर्यायांनी बांधली हे वर्षभरानं कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे ती पॅकेजमधल्या लायब्ररीच्या आधी लोड होत होती. ते कळेपर्यंत मी तीन दिवस भलतीकडेच चूक शोधत होते.

छोट्या लायब्ररींबद्दल थोडक्यात. लायसन्स हे त्यांचं खरं बळ. एफएफटीडब्ल्यू जीपीएल या लायसन्सखाली आहे, त्यामुळे सोर्स न देता प्रोग्रॅम वाटायचा असेल तर एमआयटीकडून वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. किसएफएफटी आणि पॉकेटएफएफटी बीएसडीखाली आहेत, त्यात सोर्स देण्याची सक्ती नाही. होडीवर न्यायच्या मोबाइल अ‍ॅपसाठी मी डोळे झाकून त्यातलीच एक घेईन. पायथनमध्येच काम करत असाल तर आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीत 1.17 आवृत्तीपासून पॉकेटएफएफटी आहेच, वेगळं काही आणू नका.

पॅकेज घेतलं तरी दोन गोष्टी तुमच्याकडेच राहतात. एक, विज्डम फाइल. वेगवेगळ्या रीती मोजून पाहून निवडलेली सर्वात वेगवान रीत त्यात साठवलेली असते. ती त्या-त्या कॉम्प्युटरपुरती, लायब्ररी बदलली की नव्यानं बनवायची. दुसरी, चाचणी. 'मेझर' (रीती मोजून निवडायचा पर्याय) लावलं तर दर वेळी निवडलेली रीत वेगळी असू शकते आणि उत्तराचे शेवटचे अंक हलतात, म्हणून तुलना तंतोतंत करू नका, थोडी सूट ठेवा. शिवाय सरळ रूपांतर करून उलट आणलं की प्रत्येक आकडा 720 पटीनं वाढून येतो. भागायचं तुम्ही. नवे लोक हमखास इथे अडखळतात.

आमच्याकडे हे सगळं मे महिन्यात, घरची आगोट भरतात त्याच दिवसांत होतं. पावसात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. सातही कॉम्प्युटर अपडेट करायचे, लागणारी पॅकेजं पेनड्राइव्हवर उतरवायची, विज्डम नव्यानं बनवायची, आणि 720 नोंदींची फाइल चालवून सुळके 58 आणि 60 मध्येच येतात का ते पाहायचं. त्यानंतर ऑगस्टपर्यंत लायब्ररीला कुणी हात लावत नाही.