क्यूलॅब: प्रयोग सुरू होईपर्यंत मोकळा राहणारा मिक्स

आमच्या सध्याच्या नाटकात एका प्रवेशात पत्र्यावरचा पाऊस, लांबचा गडगडाट, शेजारच्या खोलीतला रेडिओ आणि व्हायोलिनचा एक लांबलेला सूर एकत्र वाजतात. हेडफोन लावून या सगळ्याची एक स्टिरिओ फाइल करणं सोपं असतं. पण माणसांनी भरलेलं सभागृह आवाज शोषून घेतं. रिकाम्या हॉलमध्ये नेमका वाटलेला पाऊस प्रयोगात विरून जातो आणि रेडिओ नटाच्या वाक्यावर चढतो. सगळं असं एकत्र मिसळलेलं असलं की रेडिओ खाली आणताना पाऊसही खाली जातो.

म्हणून मला क्यूलॅब हे नाटकातले आवाज वाजवण्याचं सॉफ्टवेअर आवडतं. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक साफ करून मी त्यांची एकच मल्टिचॅनल वेव्ह फाइल काढते, म्हणजे प्रत्येक आवाज आपल्या वेगळ्या चॅनलवर राहतो. क्यूलॅबमध्ये तिचा प्रत्येक चॅनल मॅट्रिक्सची, म्हणजे पातळ्यांच्या तक्त्याची, स्वतंत्र ओळ होतो. कुठली ओळ कुठल्या आउटपुटला किती डेसिबलने जाणार, ते तिथेच ठरतं. पाऊस मुख्य स्पीकरवर, रेडिओ फक्त विंगेतल्या छोट्या स्पीकरवर. फाइल एकच असल्यामुळे ट्रॅक एकमेकांपासून सरकत नाहीत.

क्यूलॅबमध्ये प्रत्येक आवाज किंवा बदल हा एक क्यू असतो, आणि खरी ताकद पातळ्या हळूहळू बदलणाऱ्या फेड क्यूमध्ये आहे. ज्या पातळ्या तुम्ही निवडून पिवळ्या केल्या, तेवढ्याच हलतात. बाकीच्यांना धक्का लागत नाही. पाऊस हळूहळू ओसरतो आणि व्हायोलिन जागच्या जागी राहतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अ‍ॅब्सोल्यूट फेड ठरलेल्या आकड्यावर जाऊन थांबतो, मूळ क्यूची पातळी तुम्ही मध्ये बदललेली असली तरी. रिलेटिव्ह फेड आहे त्या पातळीतून तेवढे डेसिबल कमी करतो, मात्र दोनदा वाजला तर दोनदा कमी करतो. तालमीत पातळ्या रोज बदलतात, तोवर मी रिलेटिव्हच ठेवते. आवाज पूर्ण मिटवायचा असेल तिथे अ‍ॅब्सोल्यूट.

आणि डीव्हॅम्प! नट पॉज किती लांबवेल हे त्यालाही आधी माहीत नसतं, आणि तसंच असायला हवं. फाइलचा तुकडा पाडून तो फिरत ठेवायचा. योग्य क्षणी डीव्हॅम्प दिला की चालू फेरी पूर्ण होते आणि संगीत पुढे सरकतं. मध्येच तुटल्याचा खटका ऐकू येत नाही. नटाला संगीताच्या मागे पळावं लागत नाही, यासाठी मी या सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी गुण देईन.

उणिवा आहेतच. ते फक्त मॅकवर चालतं, आणि विंडोज लॅपटॉपवर काम करणाऱ्या हौशी संस्थांसाठी ही मोठी अडचण आहे. रेकॉर्डिंगमधली घरघर काढणं, बारीक संपादन ही कामं आधी दुसरीकडे उरकावी लागतात. पुढचा क्यू सुरू करणारा गो स्पेसबारवर असल्याने घाईत तो दोनदा दाबला जाऊ शकतो. डबल गो टाळण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा.

फुकट आवृत्तीला मुदत नाही, पण आउटपुट दोनच. दोन स्पीकरच्या नाटकाला तेवढं पुरतं. रेडिओला स्वतःचा कोपरा द्यायचा असेल, तर परवाना दिवसाच्या भाड्यानेही मिळतो. मोजके प्रयोग करणाऱ्यांनी आधी तोच घ्यावा.