झेंडूवरच्या गोगलगाई: वेचायच्या, चुना टाकायचा की गोळ्या?

आषाढात लावलेली झेंडूची रोपं सकाळी पाहावीत तर नुसते दांडे उभे, आणि मातीवर चकचकीत, चिकट वाट. हे काम शंखी गोगलगाईचं. दसऱ्याचं तोरण घरच्या झेंडूचं असावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा आढावा. कोकणातल्या आमच्या परसात मी तिन्ही उपाय करून पाहिले आहेत.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्याच्या एका बागेत आली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे अंडी कुणीही घालतं, आणि एका वेळी शंभराच्या वर. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिव भागात हिनं सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. म्हणून कुठलाही उपाय निवडा, तो पहिल्या पावसापासूनच सुरू करावा लागतो.

चुना आधी निकालात काढते. वाफ्याभोवती चार-पाच बोटं रुंद भुकटीचा पट्टा ओढला की गोगलगाई तो ओलांडायचं टाळतात. पण तो कोरडा असेल तोवरच. आमच्याकडे एका सरीत वाहून जातो. घाटावर उघडीप जास्त मिळते, किंवा कुंड्या पत्र्याखाली असतील, तर जरूर करा. हाताला मात्र लागू देऊ नका.

खरी निवड वेचणं आणि गोळ्या यांत आहे.

गोळ्या म्हणजे मेटाल्डिहाइड, कृषी सेवा केंद्रात मिळतं. संध्याकाळी रोपांच्या आसपास टाकायच्या. गोगलगाय खाते, अंगातला चिकट द्रव सोडत सुटते आणि सुकून मरते. कष्ट कमी, आणि एकराच्या हिशेबात बोलायचं तर वेचायला माणसं कुठून आणणार? तिथं गोळ्यांना पर्याय नाही, हे मान्य. पण त्याच रात्री जोराचा पाऊस आला तर गोळ्यांचा लगदा होतो आणि अर्धमेली गोगलगाय पाणी शोषून पुन्हा चालू लागते. शिवाय खाण्याच्या वासानं कुत्रीही गोळ्या खातात. पोटात गेल्या तर झटके येतात, जिवावर बेततं. घरात कुत्रा, मांजर, कोंबड्या किंवा रांगतं मूल असेल तर माझं सरळ सांगणं आहे, आणू नका. आमच्या कुंपणावर भारद्वाज येतो. तो गोगलगाई फोडून खातो. विष खाल्लेली गोगलगाय त्याच्या चोचीत जावी, हे मला सहन होत नाही.

वेचण्याला जेवणानंतरची अर्धी घटका लागते. गोगलगाई रात्री निघतात, म्हणून दिवसा शोधत बसू नका. संध्याकाळी जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून वाफ्याशेजारी पसरा. रात्री बॅटरी घेऊन जा, पहाटे पुन्हा एकदा गोणपाट उचला, सगळ्या खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे किंवा चिमटा हवाच. यांच्या अंगात उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. वेचलेल्या गोगलगाई बादलीत, दाट मिठाच्या पाण्यात टाका, मग लांब खड्ड्यात पुरा. मीठ वाफ्यात थेट टाकू नका, माती नासते आणि झेंडूच मरतो.

याच कामात अंडीही सापडतात. कुंडीच्या बुडाशी, पालापाचोळ्याखालच्या ओल्या मातीत साबुदाण्यासारखे पिवळसर दाणे दिसले तर तेही त्याच बादलीत. गोळ्यांनी अंड्यांना काही होत नाही, आणि माझ्या लेखी वेचण्याचं पारडं जड होतं ते इथेच.

वीस-तीस रोपांची बाग असेल तर वेचाच. पहिला आठवडा रोज, नंतर दिवसाआड. गावी कुणी राहत नसेल आणि बाग शनिवार-रविवारीच पाहणं होत असेल, तर रोपं जमिनीत लावूच नका. ती वीतभर उंच होईपर्यंत कुंड्यांत, पत्र्याखाली, चुन्याच्या पट्ट्याआड ठेवा. दांडा जून झाला की गोगलगाईंना त्याची तितकीशी गोडी राहत नाही.