रेपो दर उतरला, हप्ता जागेवरच: मालवणातील एका बँकेची गृहकर्ज सेवा

रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजदराने थोड्या मुदतीचे कर्ज देते तो दर) 6.50 टक्क्यांवरून 5.50 टक्क्यांवर आणला, तो कर्जे स्वस्त होऊन बाजारातील मागणी वाढावी म्हणून. परंतु माझ्या गृहकर्जाचा हप्ता कित्येक महिने एका रुपयानेही उतरला नाही. माझे कर्ज जुन्या एमसीएलआर पद्धतीचे, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधी-खर्चावरून व्याजदर ठरणारे होते, तर ऑक्टोबर 2019 पासूनच्या बदलत्या दराच्या बँकांच्या नव्या गृहकर्जांचा दर बाह्य मानकाशी (रेपोसारख्या, बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी) जोडलेला असून किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावाच लागतो. हे शाखेने आपणहून कळवले नाही, याचा मला खरोखर राग आला. विचारल्यावर मात्र तेथील तरुण अधिकाऱ्याने कोऱ्या पावतीच्या पाठीवर दोन्ही हप्ते पेन्सिलीने मांडून दाखवले आणि थोड्या शुल्कात कर्ज रेपोशी जोडून दिले. मुदत तीच ठेवून हप्ता उतरवायचा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, हे तेथे आवर्जून विचारून घ्यावे.