महालातील शिध्याची पेटी : खिंडसीच्या थंडीत आणि काटोल रस्त्यावरच्या उन्हात

नागपूरच्या महाल भागातील एक महिला गृहउद्योग मुक्कामी सहलींसाठी शिध्याची तयार पेटी विकतो. चार माणसे, दोन रात्री आणि तीन दिवस असा तिचा हिशेब असून किंमत २,२०० रुपये आहे, आणि पेटीच्या झाकणावर ठळक अक्षरांत एकच दावा छापलेला आहे : ‘फ्रिजची गरज नाही’. मी ही पेटी दोनदा नेली. पहिल्यांदा डिसेंबरात, रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या काठी एका खासगी जागेत तंबू ठोकले तेव्हा; आणि दुसऱ्यांदा एप्रिलच्या अखेरीस, काटोल रस्त्यावरील मित्राच्या शेतावर. दोन्ही वेळा आतील जिन्नस तेच होते, वजनही तेच, साधारण साडेपाच किलो. तरी पहिल्या खेपेस आम्ही पेटीचे गुण गात परतलो आणि दुसऱ्या खेपेस तिच्यातील दोन जिन्नस बांधाशेजारी खड्ड्यात पुरून आलो.

गुणांपासून सुरुवात करतो, कारण ते खरोखर आहेत. पेटीत किलोच्या हिशेबाने काहीही दिलेले नाही. प्रत्येक जेवणाची पाकिटे वेगळी, त्यावर वार आणि वेळ लिहिलेली, आणि एका पाकिटात चार माणसांना एका वेळी पुरेल इतकाच जिन्नस असतो. तांदूळ ३०० ग्रॅम, डाळ २०० ग्रॅम, भाजलेल्या बेसनाचे झुणक्याचे पाकीट २५० ग्रॅम, अशी ही मोजदाद आहे. घरी हे कंजूषपणाचे वाटेल, परंतु फ्रिज नसलेल्या ठिकाणी कोरडे धान्य कधीच अडचण करत नाही, अडचण करते ते उरलेले अन्न. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पडून राहिले की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून ते दोन तासांत आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावे, असा सर्वमान्य नियम आहे. भाताच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी तयार केलेले उलटीचे विष दुसऱ्या दिवशी भात परतला तरी नष्ट होत नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणी घालून खाण्याची आपली सवय तंबूत नेऊ नये, ती याचसाठी. खिंडसीला तीन दिवसांत आमचा एक घासही उरला नाही, आणि मला वाटते, या पेटीचे निम्मे मोल त्या तराजूत आहे.

वाळवलेल्या भाज्यांकडे मी जरा संशयानेच पाहिले होते. मेथी आणि हरभऱ्याचा पाला उत्तम वाळवलेला होता. चिमटीत धरून चुरला की कुरकुर आवाज येऊन पूड होत होती, आणि हीच खरी परीक्षा आहे. बोटांत पान वाकले पण मोडले नाही, तर आत ओल शिल्लक आहे असे समजावे. अन्नातील जे पाणी जिवाणूंच्या उपयोगी पडते ते ० ते १ या मापावर मोजतात, ते ०.६ च्या खाली गेले की बुरशी, यीस्ट, जिवाणू यांपैकी काहीच वाढू शकत नाही. आपल्या आज्या हे मापाशिवाय जाणत होत्या, म्हणूनच वडे, सांडगे, कुरडया वैशाखाच्या उन्हात गच्चीवर कडकडीत होईपर्यंत पडून असत. हरभऱ्याच्या पाल्याची लसूण घालून केलेली पातळ भाजी पहिल्याच रात्री संपली. गाजराच्या फोडींनी मात्र निराशा केली. काही पातळ, काही पाऊण सेंटिमीटर जाड, अशा त्या चिरलेल्या असल्यामुळे अर्धा तास कोमट पाण्यात ठेवूनही जाड फोडी मधोमध रबरासारख्या राहिल्या. चिरण्याच्या यंत्राची पाती बदलून भागण्यासारखे हे काम आहे.

दुसऱ्या रात्रीच्या गोळाभाताविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते पेटीतील सर्वांत विचारपूर्वक केलेले पाकीट ते आहे. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, त्यात तिखट, हळद, ओवा आणि मीठ आधीच मिसळलेले; वेगळ्या पुडीत हिंग, मोहरी आणि वाळलेल्या लाल मिरच्या. भरड्यात चमचाभर तेल आणि अगदी थोडे पाणी घालून गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की ते त्यात खोचायचे, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येऊ द्यायची. दुसरे भांडे लागत नाही, दुसरा चुलाही लागत नाही. खिंडसीकाठी वारा होता, छोटा गॅस सारखा फडफडत होता, म्हणून आम्ही दोन पाट उभे करून आडोसा केला. भात उतरल्यावर गोळे फोडून त्यावर मिरचीच्या फोडणीचे गरम तेल ओतले तेव्हा त्या तेलाचा रंग पाहून मी पुडी पुन्हा उलटून वाचली. तिखट भिवापुरी मिरचीचे होते. भिवापूरची ही मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, आणि तिचा तो गडद लाल रंग साध्या तिखटाला येत नाही. सोबत चिंचेचे सार होते. कढीच हवी असा आग्रह असणाऱ्यांनी दही नेण्याचा मोह टाळावा आणि चिंचेवर समाधान मानावे, मी मानले.

सावजी मसाल्याची पुडीही पेटीत असते. सुके खोबरे, खसखस, दगडफूल यांचा तो दाट काळपट मसाला अंड्यांच्या रश्श्यासाठी दिलेला आहे, पण अंडी आपली आपण न्यायची. येथे अनेकांची एक चूक होते. प्रवासात फुटू नयेत म्हणून लोक अंडी घरीच उकडून नेतात, आणि उकडलेले अंडे कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होते, कारण कवचावरचा नैसर्गिक थर उकळताना निघून जातो व कवचाची बारीक छिद्रे उघडी पडतात. कच्ची, न धुतलेली अंडी भुशात किंवा कागदी ट्रेमध्ये नेऊन जागेवर उकडावीत. कांदे, बटाटे, लिंबे आणि डिसेंबर असेल तर संत्री हे सामानही पेटीबाहेरचे. अंबिया बहाराच्या संत्र्यांना तीन दिवस काहीही होत नाही, फक्त ती पिशवीच्या तळाशी कोंबू नयेत.

लाडू, चिवडा, चहा-साखर, दूध पावडर याविषयी तक्रारीला जागा नाही.

बाजारात मिळणाऱ्या तयार भाज्यांच्या चंदेरी पाकिटांशी या पेटीची तुलना अनेक जण करतील. त्या पाकिटांचे शास्त्र पक्के आहे. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने ते आपल्याकडे रुजवले; पाकीट बंद करून सुमारे १२१ अंशांवर दाबाखाली तापवतात, त्यामुळे आतले अन्न ओले असूनही महिनोन्‌महिने टिकते. पण ओले म्हणजे जड. ३०० ग्रॅमच्या एका पाकिटात बहुतांश वजन पाण्याचेच असते आणि ते जेमतेम दोघांना पुरते. जेथे पाणी जागेवर मिळते तेथे पाणी पाठीवरून वाहण्यात अर्थ नाही. पाणी मिळणारच नसेल, अथवा पावसात चूल-गॅस पेटण्याची खात्री नसेल, तर मात्र मी तीच पाकिटे घेईन.

आता दुसरी खेप. डिसेंबरात मी पेटी स्वतः महालात जाऊन घेतली होती. ती देताना तेथील ताईंनी झाकण उघडून दाखवले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, दशमी तं पहिल्याच दिवशी संपवजा. हरभरा रात्री भिजत घालसान तं थंडीतच घालजा, उन्हाळ्यात दुपारी चार तास पुरे. अन् ठेचा उघडला का ठेवू नका.’’ मी ऐकले आणि तसेच केले. एप्रिलमध्ये पेटी घरपोच मागवली. माणूस दारात ठेवून गेला, आणि या तीन वाक्यांपैकी एकही वाक्य पेटीत छापलेले नव्हते. आतल्या कागदावर सर्व जिन्नसांसाठी मिळून एकच ओळ होती : ‘कोरड्या व थंड जागी १५ दिवस टिकते’. एप्रिलच्या अखेरीस नागपूर परिसरात पारा ४३ अंशांच्या आसपास असतो. अशी थंड जागा काटोल रस्त्यावर शोधावी कोठे?

दशम्या दुधात मळलेल्या होत्या आणि गरम असतानाच प्लास्टिकमध्ये बंद केल्या असाव्यात, कारण पाकिटाच्या आतल्या बाजूस वाफेचे बारीक थेंब जमलेले होते. मी त्या दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीसाठी राखून ठेवल्या. सकाळी पाकीट उघडले तेव्हा आंबूस वास आला, आणि खालच्या दोन दशम्यांच्या कडेला हिरवट काळे ठिपके धरले होते. कडा कापून उरलेल्या खाव्यात असे एकाने सुचवले. परंतु बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच आत गेलेले असतात, म्हणून सर्व फेकल्या. तर्री पोह्यांसाठीचा हरभरा रात्रभर भिजवला होता, त्यावर पहाटे फेस आला होता. तोही गेला. नुसते पोहे लिंबू पिळून खाल्ले आणि मुलांची तोंडे दुपारपर्यंत वाकडी राहिली.

ठेच्याबद्दलची माझी हरकत मात्र ऋतूवर अवलंबून नाही. हिरवी मिरची आणि कच्चा लसूण वाटून, वर तेलाचा थर देऊन बंद बरणीत भरलेला ठेचा फ्रिजशिवाय विकणे योग्य नाही. ओलसर, आंबटपणा नसलेला लसूण तेलाखाली हवेपासून तुटला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला जशी हवी तशीच जागा मिळते, आणि त्याच्या विषाला वास वा चव असतेच असे नाही. ताईंनी ‘उघडल्यावर ठेवू नका’ असे सांगितले खरे, परंतु धोका बरणी बंद असतानाच सुरू होतो. आम्ही तो दोन्ही वेळा उघडला नाही. त्याच पेटीत जवसाची आणि कारळाची कोरडी चटणी आहे, ती चवीला काकणभर सरस आहे आणि तिच्यात पाणीच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. उद्योगाने ठेचा काढून कोरड्या लसणाची चटणी द्यावी, ही माझी स्पष्ट सूचना आहे.

१५० रुपये अधिक दिले तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ मिळतो. एप्रिलमध्ये मी तो घेतला आणि पैसे वाया गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे पाणी झाले आणि त्या पाण्याने तिखटाची एक पुडी भिजली. त्यापेक्षा मित्राच्या आईची युक्ती सरस ठरली. त्यांनी टोपलीत कोथिंबीर, टमाटे आणि मिरच्या ठेवून वर ओले गोणपाट टाकले, टोपली कडुनिंबाच्या सावलीत वाऱ्याला ठेवली आणि दर दोन तासांनी गोणपाटावर पाणी शिंपडले. माठ आणि कूलर ज्या न्यायाने चालतात तोच हा न्याय. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेते. नागपूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे तो येथे छान चालतो, आणि जुलैच्या दमट हवेत कूलर जसा नुसता चिकचिक करतो तसे गोणपाटही निरुपयोगी होते. कोथिंबीर तिसऱ्या दिवशीही ताठ होती. अर्थात हा उपाय भाजीपाल्यापुरता आहे. दूध, पनीर किंवा शिजवलेले अन्न त्याच्या भरवशावर ठेवू नये.

आणखी एक बारीक बाब. पेटीत तुरीची डाळ नाही, मूग आणि मसूर आहे, यावर आमच्यातील एक तूरप्रेमी नाराज होते. पण मूग-मसूर साध्या पातेल्यात २०-२५ मिनिटांत शिजतात, तुरीला कुकर लागतो, आणि छोट्या गॅसच्या नळकांड्यात इंधन मोजके असते. निवड बरोबर आहे.

एप्रिलनंतर मी महालात जाऊन तक्रार सांगितली. ताईंनी सर्व ऐकून घेतले, दशम्यांचे पैसे परत देऊ केले, आणि उन्हाळ्याच्या पेटीतून दशमी काढून त्याऐवजी जागेवर लाटण्यासाठी कोरड्या पिठाचे पाकीट घालण्याचे मान्य केले. सूचनांच्या कागदाविषयी म्हणाल्या, ‘‘तुम्हीच लिहून द्या नं भाऊ, छापून घेतो.’’ मी एका पानात ऋतूनुसार क्रम लिहून दिला आहे. पेटी तीन दिवस आधी सांगावी लागते. जोवर तो कागद छापून येत नाही तोवर घरपोच मागवू नये, दुकानात जाऊन ताईंच्या हातूनच घ्यावी.