फ्रीस्टाइलसाठी पहिली सायकल: २० इंची बीएमएक्स घ्यावी की माउंटन बाइक?

स्केटपार्कमध्ये रॅम्पवर चढायचं असेल, बनी हॉप (सायकलची दोन्ही चाकं उचलून मारलेली उडी) शिकायचा असेल, कठड्यावरून घसरत जायचं असेल, तर २० इंची चाकांची फ्रीस्टाइल बीएमएक्सच घ्या. त्याच पैशात मिळणारी माउंटन बाइक पुढे शॉकअब्जॉर्बर देते, मागे गिअर देते, डिस्क ब्रेकही देते. पण उड्या मारायला लागलात की यातलंच काहीतरी आधी मोडतं.

स्वस्त माउंटन बाइकच्या पुढच्या शॉकअब्जॉर्बरमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते. उडी मारण्यापूर्वी हँडलवर दाब द्यावा तर तो जोर स्प्रिंग गिळते, आणि खाली आल्यावर तीच स्प्रिंग हँडल उलटं वर फेकते. मागचं चाक त्याहून नाजूक. हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी बसवलेलं सहा-सात गिअरचं फ्रीव्हील असेल तर उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, मधल्या बाजूला राहतं आणि एक्सलचं टोक आधाराशिवाय लांब बाहेर येतं. सपाट जमिनीवर दोन-चारदा आदळलं की एक्सल वाकतो. फिरताना फ्रीव्हील फार डुगडुगताना दिसलं तर एक्सल वाकलाय का ते तपासून घ्या; वाकलेला एक्सल पुढे तुटू शकतो. गिअर बदलणारा डिरेल्युअर तर सायकल उजव्या अंगावर पडली तरी आत वाकतो आणि खालच्या गिअरवर आऱ्यांत अडकतो. फ्रीस्टाइल शिकताना सायकल दोन्ही अंगांवर पडतच असते.

दुकानात असताना फ्रेमवर वापराच्या श्रेणीचं स्टिकर आहे का ते बघा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२०४३ या मानकात श्रेणी २ म्हणजे फार तर १५ सेंटीमीटरची उडी, श्रेणी ३ म्हणजे ६१ आणि श्रेणी ४ म्हणजे १२२ सेंटीमीटर. दिसायला दणकट असलेल्या कितीतरी सायकली श्रेणी २ च्या निघतात, म्हणजे फुटपाथच्या कडेवरून उतरण्यापुरत्याच. स्टिकर नसेल तर माहितीपुस्तिकेत शोधा. तिथेही नसेल तर ती सायकल उड्यांसाठी नाही असंच धरा.

एका प्रकारची माउंटन बाइक मात्र याला अपवाद आहे. २६ इंची डर्ट जंप सायकलला साधारण १०० मिलिमीटरचा कडक शॉक असतो, बुटकी फ्रेम असते आणि बहुधा एकच गिअर असतो. पंप ट्रॅक (उंचवट्यांचा छोटा मार्ग) आणि मातीच्या उड्यांसाठी ही उत्तम, उंच माणसाला तर फारच सोयीची. पण चांगली डर्ट जंप सुरुवातीच्या बीएमएक्सपेक्षा बरीच महाग पडते आणि कठड्यावरचे ग्राइंड, म्हणजे घसरत जाणं, तिच्यावर जमत नाहीत. रोज खडबडीत पायवाटेने जायचं असेल आणि ट्रिक्स अधूनमधूनच करायच्या असतील, तर श्रेणी ३ ची, कॅसेट हब (ज्यात बेअरिंग एक्सलच्या टोकाजवळ असतं) असलेली हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) घ्या आणि व्हीली (पेडल मारत मागच्या चाकावर चालवणं), मॅन्युअल (पेडल न मारता तेच), छोट्या उड्या एवढ्यावर थांबा.

आता बीएमएक्स. इथे पहिली चूक होते ती रेसिंगची सायकल उचलण्यात. चाकं तिचीही २० इंची असतात, पण फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची, टायर अरुंद आणि एक्सल पेग (ग्राइंडसाठी एक्सलच्या टोकावर बसवायची नळी) लावण्याजोगा नसतो. फ्रीस्टाइलच्या सायकलला स्टीलची फ्रेम, मागे १४ मिलिमीटरचा एक्सल, साधारण २.२५ ते २.४ इंच रुंद टायर आणि चाकाला ३६ आरे असतात.

‘क्रोमोली’ (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील) एवढ्या शब्दावर भुलू नका. नेमकं काय क्रोमोलीचं आहे ते विचारा. हॅरो, किंक, संडे, वुईदपीपल अशा कंपन्यांच्या तयार सायकलींतही खालच्या मॉडेलमध्ये हाय-टेन्साइल (त्याहून साधं) स्टील जास्त असतं, मधल्यात एक किंवा तीन नळ्या ४१३० क्रोमोलीच्या आणि वरच्यात फ्रेम, फोर्क, हँडल सगळंच. बजेट तोकडं असेल तर फ्रेमच्या नळ्यांवर एक वेळ तडजोड करा, फोर्कवर आणि क्रँकवर करू नका. फ्रेम सहसा हळूहळू वाकते आणि ते दिसतं. फोर्कची दांडी तुटली तर माणूस थेट तोंडावर आपटतो.

क्रँक तीन भागांचाच हवा. ओळखायची सोपी खूण म्हणजे पेडलचा दांडा. तो ९/१६ इंच असेल तर तीन भागांचा क्रँक, १/२ इंच असेल तर एकाच वाकवलेल्या दांड्याचा. दुसरा ट्रिक्ससाठी नको. तीन भागांच्या क्रँकचा बोल्ट पहिल्या आठवड्यात सैल पडतो, तो लगेच आवळा. तसाच चालवत राहिलात तर स्प्लाइनचे दाते झिजतात आणि मग कितीही आवळला तरी क्रँक हलतच राहतो.

मागचा हब सील्ड बेअरिंगचा, ९ दात्यांच्या ड्रायव्हरचा (साखळी बसते त्या मागच्या चक्राचा) घ्या. सुट्या छर्ऱ्यांचा हब आदळून आदळून सैल होतो आणि सारखा उघडावा लागतो. पुढे २५ दाती चेनव्हील ही आजची नेहमीची जोडी, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेचार मीटर जाते. लांबच्या प्रवासाला हे कमीच पडणार. फ्रीकोस्टर हब (सायकल उलटी गेली तरी पेडल न फिरवणारा) सुरुवातीला टाळा. पेडल मारल्यावर तो थोडा उशिरा पकड घेतो आणि नवशिक्याचा तोल तिथेच जातो.

माप चाकावर नाही, वरच्या नळीच्या लांबीवर ठरतं. उंची ५ फूट ४ इंचांच्या आत असेल तर २० ते २०.२५ इंच, ५ फूट ८ इंचांपर्यंत २०.५, त्यापुढे २०.७५ ते २१. दोन मापांच्या मध्ये असाल तर स्पिन आणि बारस्पिनची (हँडल गरकन फिरवण्याची) आवड असणाऱ्याने लहान घ्यावं, उंच रॅम्पवर खेळायचं असेल तर मोठं. सीट खालीच ठेवायची असते. ती बसण्यासाठी नाही, म्हणून पाय दुमडतात अशी तक्रार करून सायकल परत करू नका.

मागचा ब्रेक काढून टाकायची घाई नको. केबल गुंतू न देणारा गायरो पहिल्या वर्षी लागत नाही. पेग प्लास्टिकच्या बाहीचे, आणि ज्या बाजूने ग्राइंड करता त्या बाजूचे दोन पुरेत. पुढचा एक्सल १० मिलिमीटरचा असतो, तेव्हा १४ च्या पेगमध्ये ॲडॉप्टर घालायला विसरू नका, नाहीतर पेग फिरत राहतो.

सायकल खोक्यातून आली तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. जोर लावून बसवलंत तर क्रँकचे आटे गेले. हँडल बसवताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट बेताने, मग स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट आलटून पालटून आवळायचे. पुढचं चाक भिंतीला टेकवून सायकल पुढेमागे हलवा, टकटक जाणवली तर हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) अजून सैल आहे. टायरमध्ये ६० पीएसआयपासून सुरुवात करा, पण टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. पहिल्या काही दिवसांत आरे बसतात, तेव्हा एकदा चाकांचा आउट काढून घ्या. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून.

जुनी घेत असाल तर सायकल उलटी करा आणि हँडलखालच्या नळीला खालची नळी जिथे जोडलीय त्या वेल्डिंगच्या मागे बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला तर फ्रेम एकदा जोरात दबलेली आहे. किंमत कितीही पाडून दिली तरी ती घेऊ नका.