कोकणातील पावसाळी रस्तेसेवा: काम चोख, कायद्यात नोंद नाही

चिपळूणला राहून कुंभार्ली, परशुराम आणि कशेडी या घाटांतून बारमाही ये-जा करणारा नागरिक म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पावसाळी सेवेबद्दल हा अभिप्राय लिहीत आहे. हॉटेलांबद्दल आपण आवर्जून मत नोंदवतो. ज्यांच्या कामामुळे रुग्णवाहिका घाट ओलांडते त्यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

प्रत्यक्ष कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. दरड आल्याचे कळताच शाखा अभियंता, मुकादम, मैलकुली (रस्त्याची देखभाल करणारे मजूर) आणि जेसीबीचे चालक भर पावसात जागेवर येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आधी एका बाजूने वाट काढून अडकलेली रुग्णवाहिका आणि एसटी सोडली जाते, मग उरलेली माती, दगड आणि उन्मळलेली झाडे हटवली जातात, आणि शेवटी डोंगराकडचे गटार व मोऱ्या साफ होतात. हे शेवटचे काम प्रवाशांच्या नजरेत भरत नाही, पण गटार तुंबले तर पाणी रस्त्यावरून वाहते, दरीकडचा भराव धुपतो आणि मोकळा झालेला रस्ताच खचतो. हे सारे ज्या उताराखाली चालते तो अजून स्थिरावलेला नसतो, हे विसरून चालणार नाही.

या कामावर किती गोष्टी अवलंबून असतात हे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावाने दाखवले. दरडीखाली ८० हून अधिक माणसे गेली, आणि दरडी व पुरामुळे रस्ते बंद असल्याने बचावपथके पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्याच दिवशी वाशिष्ठीच्या पुराने आमचे चिपळूण बुडाले होते. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हाही पडलेली झाडे आणि विजेचे खांब बाजूला झाल्याशिवाय कोणतीच मदत गावांपर्यंत जाऊ शकत नव्हती. रस्ता उघडणारा माणूस बचावकार्याच्या आधी लागतो, ही माझ्या मते वादातीत गोष्ट आहे.

तरीही आपल्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये त्याला वेगळे स्थान नाही. कलम ४४ ने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे केले. कलम ३४ ने ढिगारा हटवण्याचे अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिले. ढिगारा हटवणारे हात कोणाचे आणि त्यांच्या जिवाची हमी काय, याबद्दल कायदा काही सांगत नाही. अमेरिकेत डिसेंबर २००३ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आठव्या गृहसुरक्षा निर्देशाने प्रथम प्रतिसादकांच्या, म्हणजे आपत्तीत सर्वांत आधी मदतीला धावणाऱ्यांच्या, व्याख्येत सार्वजनिक बांधकामातील कर्मचारी आणि यंत्रचालक यांचा स्पष्ट समावेश केला. अशा नोंदीने दरड थांबत नाही, हे खरे. पण प्रशिक्षण, सुरक्षा साहित्य आणि विमा मागायला आधार मिळतो.

सेवेत मला जाणवलेली मोठी उणीव इथेच आहे. अनेक मैलकुली साध्या रेनकोटात, हेल्मेटशिवाय काम करताना दिसतात. रात्रीच्या कामाला पुरेसा प्रकाश आणि वर डोंगरावर नजर ठेवून इशारा देणारा माणूस प्रत्येक ठिकाणी असायला हवा. प्रवाशांसाठीही एक सूचना आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग आणि जिल्हा परिषदेचे रस्ते वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात, त्यामुळे दरडीची खबर कोणाला द्यायची याचा फलक प्रत्येक घाटाच्या दोन्ही तोंडांशी असावा.

कायद्यातील दुरुस्ती संसदेची बाब आहे आणि तिला वेळ लागेल. विमा, सुरक्षा साहित्य आणि आपत्तीच्या कामाचा जादा भत्ता यांसाठी राज्य सरकार शासन निर्णय काढू शकते. दरवर्षी १ जूनला पावसाळी नियंत्रण कक्ष सुरू होतात. त्यापूर्वी हा शासन निर्णय निघावा, आणि त्यात कंत्राटदाराच्या जेसीबीवर बसणाऱ्या चालकाचाही समावेश असावा, कारण पुष्कळदा कोसळत्या दरडीच्या सर्वांत जवळ तोच असतो.